‘गोड’ म्हणू नका

वैशाली नगरातल्या आमच्या घरी ‘द लंडन जंगल बुक’ चाळणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा म्हणतो, ‘किती गोड प्राणी आहेत!’ मला हा शब्द खटकतो.

भज्जू श्याम मैकल डोंगरांपलीकडच्या पाटनगढचे गोंड चित्रकार. एके काळी भोपाळात रात्रपाळीचे पहारेकरी होते. लंडनला गेले ते एका रेस्टॉरंटच्या भिंती रंगवायला, म्हणजे पैसे घेऊन, सांगितलेल्या कामावर. दोन महिन्यांत जे पाहिलं त्याचं पुस्तक 2004 साली निघालं. त्यात बिग बेन कोंबडा आहे, कारण गावात वेळ कोंबडा सांगतो. ही लहर नव्हे. अनुवाद करताना मी प्रतिशब्द शोधते, तसाच हा शोध आहे; इतका नेमका शब्द मला क्वचितच सापडतो. भुयारी रेल्वे गांडूळ, कारण जमिनीखाली राज्य त्याचं. रोजची बस इमानी कुत्रा. आणि संध्याकाळी पबकडे निघणारे इंग्रज? वटवाघळं.

हे तर सरळ व्यक्तिचित्र आहे! पण मागणीवरून काढलेला चेहरा म्हणजे कसब आणि प्राणी म्हणजे मनाची मौज, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. साहेबाने आपल्याला रेखाटलं, तो ‘अभ्यास’. गोंड माणसाने साहेबाला रेखाटलं की ‘कल्पनाविलास’. किपलिंगने 1894 मध्ये आपलं जंगल सिवनीत, गोंडांच्या मुलखात, वसवलं. भज्जूंच्या पुस्तकाचं नाव त्यालाच उत्तर देतं. तरीही पाहुणे विचारतात, ‘मुलांसाठी आहे ना?’