‘एनी डाऊट?’

तास संपत आला की सर डस्टर उचलता उचलता विचारायचे, ‘एनी डाऊट?’ आणि कुणी तोंड उघडायच्या आत दाराबाहेर. सांगलीतल्या इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हे शेकडो वेळा ऐकलं. सत्तरजणांच्या वर्गात बोलणारे ठरलेले पाच-सहा. बाकी आम्ही ‘बुजरे’. साताऱ्याकडून, मराठी माध्यमातून आलेल्यांना ही पदवी पहिल्याच आठवड्यात मिळायची. उपाय म्हणून वर्षातून एक पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचं व्याख्यान.

माझा राग त्या प्रश्नावर आहे. सत्तरजणांसमोर एकट्यानं उठून, इंग्रजीत, ‘मला कळलं नाही’ असं दोन सेकंदांत सांगायचं! कुणी बोललं नाही म्हणजे सगळ्यांना समजलं, असं मानणाऱ्याला आमच्या ऑफिसात टेस्टिंगलासुद्धा घेणार नाहीत. अमेरिकेत मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकातच दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात. तीन सेकंद थांबले, तर एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात.

हेच बुजरे रात्री हॉस्टेलवर बघायला हवे होते. एका खोलीत दहाजण, आणि माण तालुक्यातला माझा रूममेट जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चौकोन काढून पॉइंटर शिकवतोय. मराठीत, शिव्यांसकट. आम्ही वाद घालायचो, तो पुन्हा चौकोन काढायचा. ओरलला मात्र तो गप्प राहिला आणि मार्क गेले. कॅम्पसला ग्रुप डिस्कशनमध्येच बाहेर पडला.

‘वर्ग मोठा, पोर्शन संपवायचाय’ ही सबब मला पटत नाही. आयआयटी मुंबईत चारशेहून जास्त मुलांच्या प्रोग्रॅमिंगच्या वर्गात हे करून पाहिलंय. आधी एकट्यानं विचार करून लिहायचं, मग शेजाऱ्याशी बोलायचं, मग वर्गात मांडायचं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सरासरी ८३ टक्के मुलं कामात गुंतलेली दिसली. आयआयटीची मुलं निवडक, मान्य. पण शेजाऱ्याशी बोलायला कुठली प्रवेशपरीक्षा लागते? भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींची पोरं एका बोर्डिंगात आणली. एकमेकांच्या आधारानं शिकणं आमच्याकडे परदेशातून यायची गरज नाही.

तेव्हा सर, पुढच्या तासाला प्रश्न फळ्यावर लिहा. दोन मिनिटं वहीत, तीन मिनिटं शेजाऱ्याशी, मराठीत बोलले तरी चालेल म्हणून सांगा. आणि तेवढ्या वेळात टेबलाशी थांबू नका, शेवटच्या बाकापर्यंत चालत या.