गोरेपणाचे क्रीम आणि मूत्रपिंड

लग्नसराई जवळ आली की आमच्या वस्त्यांतून मुलींच्या रंगाची चर्चा सुरू होते आणि घरोघरी गोरेपणाच्या क्रीमच्या डब्या येतात. या डब्यांबद्दल आम्हाला माताभगिनींना सावध करायचे आहे.

अकोल्यातील एकाच घरातील तिघींना मूत्रपिंडाचा विकार जडल्याचे २०२३ साली उघडकीस आले. तिघी एकच क्रीम लावीत. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा त्यात पारा निघाला. केरळात कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाची चाळणी बिघडलेले २२ रुग्ण तपासले. त्यांतील १५ जणांचा विकार 'नेल-१' या प्रथिनाशी निगडित होता आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाचे क्रीम वापरीत होते.

लावायचे तोंडाला, मग बिघाड मूत्रपिंडात कसा? पारा कातडीतून रक्तात उतरतो. रक्तात प्रतिपिंडे नावाचे पहारेकरी असतात. प्रथिनाला ते त्याच्या घडीवरून ओळखतात. कोल्हापुरी चपलेचे टाके उसवले तर कातडे तेच राहते, पण चप्पल राहत नाही. प्रथिनाचेही तसेच आहे. याच विकारातील दुसरे एक प्रथिन बोस्टनच्या संशोधकांनी २००९ साली शोधले. त्याच्या घडीचे टाके उसवताच रुग्णांची प्रतिपिंडे त्याला ओळखेनाशी झाली! म्हणजे हल्ला होतो तो आकारावर. पहारेकरी घरच्याच माणसाला चोर समजतात. चाळणीवर थर साचतो, ती गळू लागते आणि अंगाला लागणारी प्रथिने लघवीवाटे वाहून जातात.

लघवीला फेस येणे, सकाळी डोळ्यांभोवती व पायांवर सूज दिसणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी दृष्ट काढीत बसू नका. सीपीआरमध्ये किंवा जवळच्या दवाखान्यात जाऊन लघवीतील प्रथिनांची तपासणी करून घ्या. क्रीमची डबी सोबत न्या आणि डॉक्टरांना दाखवा. क्रीम बंद केल्यावर केरळातील बहुतेक रुग्ण सुधारले, हे ध्यानात ठेवा. ज्या डबीवर बनवणाऱ्याचे नाव नाही, आत काय आहे ते लिहिलेले नाही, ती घरात आणूच नका.

१९५६ साली धम्म स्वीकारला तेव्हा जन्मावरून माणूस तोलणे आपण सोडले. मग सून पाहायला गेल्यावर तिचा रंग का तोलावा? मुलीच्या हाती डबी देण्यापूर्वी हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःला विचारावा. जयभीम!