आवाज बसलाय? घशाबरोबर हृदयही तपासून घ्या

अक्कलकोट शहर व तालुक्यातील नागरिक, भजनी मंडळं, शिक्षक आणि आशाताईंना कळकळीचं आवाहन

तीन आठवडे उलटूनही बसलेला आवाज सुटत नसेल, तर आता वाट पाहू नका. दवाखाना गाठा.

आरती, भजन, पारायण, बाजारातली हाकाटी यांनी आपल्याकडे घसे बसतच असतात. गुळण्या केल्या, ज्येष्ठमध चघळलं की चार दिवसांत सुटतातही. पण काही थोड्यांच्या घशात दोष नसतोच, तो हृदयात किंवा मोठ्या रक्तवाहिनीत असतो.

स्वरयंत्राची डावी नस आधी छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीला खालून वळसा घालते आणि मग घशाकडे चढते. फुप्फुसाकडे जाणारी रक्तवाहिनी ताणली किंवा महाधमनी फुगली, तर ही नस दाबली जाते. डावी स्वरपट्टी हलेनाशी होते, आवाज घोगरा आणि फुसका निघतो, पाणी पिताना ठसका लागतो. व्हिएन्नाचे डॉ. नॉर्बर्ट ऑर्टनर यांनी १८९७ मध्येच हृदयाची झडप आकसलेल्या रुग्णांत हे नोंदवलं होतं.

झडप आकसण्यामागे आपल्याकडे बहुतेकदा लहानपणीचा संधिवाताचा ताप असतो. शाळकरी मुलाचा घसा दुखतो, पुढे ताप येऊन सांधे सुजतात, घरचे ते विसरून जातात. झडप मात्र वर्षानुवर्षं आकसत राहते. काही बायकांना तर हे दुखणं दिवस गेल्यावर दम लागू लागतो तेव्हाच कळतं. महाधमनी फुगण्यामागे वाढलेला रक्तदाब आणि तंबाखू-विडी ही मोठी कारणं आहेत.

म्हणून एवढं कराच :

• आवाज बसण्यासोबत दम, धडधड, पायांवर सूज किंवा थुंकीत रक्त असेल, तर तीन आठवडेही थांबू नका.

• छातीत किंवा पाठीत अचानक फाटल्यासारखी कळ आली, तर लगेच १०८ ला फोन करा.

• अक्कलकोटच्या सरकारी रुग्णालयात दाखवा. तिथून सोलापूरच्या सिव्हिलला पाठवलं तर टाळू नका. घशाची दुर्बिणीतून तपासणी, छातीचा एक्स-रे आणि गरजेप्रमाणे हृदयाची इको करून घ्या. घशाचा कर्करोग, क्षयरोग यांचाही छडा याच तपासणीत लागू शकतो.

• खर्चाच्या धास्तीने घरी बसू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

• संधिवाताच्या तापानंतर मुलाला पेनिसिलिनची इंजेक्शनं ठरवून दिली असतील, तर ‘आता बरा दिसतोय’ म्हणून डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.

मूळ आजारावर वेळेत इलाज झाला, तर आवाज परत येण्याची आशा असते. नस फार काळ दबून राहिली, तर हृदय सावरूनही आवाज तसाच राहू शकतो.

आशाताईंनी घरभेटीत ‘आवाज कधीपासून बसलाय?’ हा एक प्रश्न जरूर विचारावा. सीमेलगतच्या गावांत तो कन्नडमधूनही विचारावा. उत्तर तीन आठवड्यांच्या वर गेलं, तर त्या माणसाला त्याच आठवड्यात दवाखान्यात पोचवावं.