बिबट्याची मोजदाद झाली, रोह्यांची कधी?



बोरीवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात बिबटे किती? 2015 च्या निकित सुर्वे यांच्या अभ्यासात उद्यान आणि परिसरात 35 मोजले गेले. आता सांगा, आपल्या तालुक्यात रोही किती? रानडुकरं किती? कपाशीचे शेंडे आणि ज्वारीची कणसं एका रात्रीत किती जातात? कुणाच्याच वहीत आकडा नाही.

'जनावरांचे फोटो काढणं हा पोट भरलेल्यांचा छंद' असं आपण म्हणत आलो. आम्हीही म्हणत होतो. ती आमची चूक होती.

हे काम कसं चालतं ते पाहा. जनावरांच्या वाटेवर समोरासमोर दोन कॅमेरे बांधतात. ऊबदार अंगाचं काही हललं की फोटो आपोआप निघतो. बिबट्याचे ठिपके अंगठ्याच्या ठशासारखे, एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. डाव्या-उजव्या कुशीचे फोटो ताडून मोजणी होते. इथे अफवेला जागा नाही.

या पुराव्याने सरकारी समजुतीही मोडल्या. 2001 नंतर जुन्नर भागात बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडले गेले. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासाने दाखवलं, की सोडलेल्या जागांजवळ माणसांवरचे हल्ले उलट वाढले. पुढे अकोल्यात, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या उसाच्या शिवारात, त्यांनीच कॅमेरे लावले. 100 चौरस किलोमीटरला सुमारे 5 प्रौढ बिबटे निघाले, तेही जंगल नसताना! 'बिबट्या जंगलातच राहतो' हे पुस्तकी ज्ञान शिवारातल्या फोटोने खोटं ठरवलं. तिथल्या शेतकऱ्याला ते आधीच ठाऊक होतं. पण त्याचा शब्द कोण धरतो?

2016 साली नयन खानोलकरांच्या आरे कॉलनीतल्या बिबट्याच्या फोटोला लंडनच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं. वारल्यांच्या वस्तीतून तो निवांत चालला आहे. जगाने बिबट्याचं कौतुक केलं. त्याच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या वारल्याचं कौतुक किती जणांनी केलं?

आमचं भांडण बिबट्याशी नाही, कॅमेऱ्याशी तर नाहीच. भांडण आहे ते कॅमेरा कुठे लागतो आणि कुठे लागत नाही, याच्याशी. निसर्ग राखायचा खर्च कोरडवाहू शेतकऱ्याने उभ्या पिकातून भरायचा आणि त्याचा हिशेबही कुणी ठेवायचा नाही, हा कुठला न्याय? पंचनाम्याला माणूस येतो तेव्हा खूर पुसलेले असतात. मग 'पुरावा काय?' असं आम्हालाच विचारतात!

रोह्याच्या अंगावर ठिपके नाहीत, एकेक ओळखणं अवघड, हे मान्य. पण कळप केवढा, किती वाजता आला, कोणत्या बांधावरून शिरला, एवढं तर फोटोत येतं.

म्हणून मागण्या साध्या आहेत :

1. पीक उभं असताना शिवारातही कॅमेरे लावा.
2. मोजणीचे आकडे ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवा.
3. शेतकऱ्याने काढलेला तारीख-वेळेचा फोटो पंचनाम्यात पुरावा म्हणून धरा.

भावांनो, तोवर थांबू नका. आजपासून मोबाइलवर खुरांचे, मोडलेल्या ताटांचे फोटो काढा. गट नंबर आणि तारीख वहीत लिहा. गावोगावच्या वह्या जिल्हा बैठकीला घेऊन या. ज्याच्याजवळ आकडा नाही, त्याचं नुकसान सरकारच्या लेखी झालेलंच नसतं.