जोखीम कोणाची?



मूल झाडावर चढले की घरातून बहुधा दोन आवाज येतात. "आधी खाली उतर, पडशील!" हा आईचा, आणि "चढू दे गं, काही होत नाही," हा वडिलांचा. पोहणे असो, सायकल असो, संवाद हाच. काही घरी तो उलटाही असतो. पण एरवी आपण ठरवून मोकळे होतो की आई भित्री आणि वडील धीट. आम्हाला हे मान्य नाही.

कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ डॅनियल पाकेट यांनी २००४ साली असे मांडले की आई मुलाला शांत करते, धीर देते. वडील त्याला दंगामस्तीतून बाहेरच्या जगाकडे ढकलतात, पण सांभाळूनच. मुलाला दोन्ही हवे. म्हणजे भांडण धीट-भित्र्याचे नाहीच.

मग अडते कुठे? आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले. तिथे 'जोखिम' म्हणजे मुख्यतः धोका. मराठीत मात्र 'जोखमीचे काम' म्हणजे जबाबदारीचेही काम. घराघरांत या एका शब्दाची वाटणी झाली आहे. धोका पत्करायला वडील सांगतात आणि जबाबदारी आईच्या पदरात पडते. मूल पडले की "लक्ष कुठे होते तुझे?" हा प्रश्न आईलाच विचारतात. जिला जाब द्यायचा आहे ती 'नको' म्हणणारच. ज्याला कोणी विचारत नाही त्याला 'चढू दे' म्हणणे सोपे जाते.

दुसरी गोष्ट मुलगा-मुलगीची. २००० साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अकरा महिन्यांच्या रांगत्या बाळांच्या आयांना विचारले, तुमचे बाळ किती तीव्र उतार उतरेल? मुलांच्या आयांनी अंदाज जास्त सांगितला, मुलींच्या आयांनी कमी. प्रत्यक्षात मुला-मुलींत फरक आढळला नाही. रांगत्या वयातच जर मोजमाप चुकते, तर पुढे काय होत असेल?

पुढे काय होते ते आम्ही शाळेच्या मैदानावर पाहतो. मल्लखांब हा २०१३ पासून मध्य प्रदेशाचा राज्य खेळ आहे. तरी सातवी-आठवीत आल्या की मुलींच्या चिठ्ठ्या येऊ लागतात, "उद्यापासून येणार नाही." मुलांच्या अशा चिठ्ठ्या क्वचितच येतात. आपल्या ग्वाल्हेरीत राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. तिथे आपण मुलींना नेतो, फुले वाहायला लावतो. आईविना वाढलेल्या त्या मुलीला मोरोपंत तांब्यांनी बिठूरला घोडा आणि तलवार शिकू दिली, हेही सांगतो. यावरून आई असती तर अडवले असते, असा अर्थ मात्र काढू नये. जिजाऊ आईच होत्या.

म्हणून या वर्षापासून मल्लखांबाच्या संमतिपत्रावर दोघांच्या सह्या लागतील. एकच पालक असेल तिथे आजी, मामा, जे मुलाला सांभाळतात त्यांची सही चालेल. सहीआधी दोघांनी एका शनिवारी मैदानावर यावे. खांबाला एरंडेल का लावतात, गादी कुठवर असते, वर चढण्याआधी उतरणे कसे शिकवतात, हे डोळ्यांनी पाहावे. न पाहिलेल्या गोष्टीची भीती मोठी असते, आणि न पाहता दाखवलेला धीर पोकळ असतो.

वडिलांना विनंती, 'चढू दे' म्हणाल तर गादीजवळ उभेही राहा. गुडघा फुटला तर हळद लावायला आणि दवाखान्यात न्यायलाही तुम्हीच पुढे व्हा. आयांना विनंती, 'नको' म्हणण्याआधी क्षणभर विचार करा, हिच्या जागी मुलगा असता तर काय म्हटले असते? विद्यार्थ्यांनो, आईने नाही म्हटले की गुपचूप बाबांकडे जायचे, ही युक्ती आम्हाला ठाऊक आहे. यापुढे दोघांना एकदमच विचारा.

विश्वस्त मंडळींपुढेही एक मागणे आहे. कोणी पडले की "मैदान बंद करा" असे सुचवले जाते. मैदान बंद केल्याने पडणे थांबत नाही. मुले गच्चीवर आणि भिंतींवर चढतात, जिथे गादी नसते. आपल्या गाद्या जुन्या झाल्या आहेत. त्या या सत्रात बदलून द्याव्यात. जोखमीतला शाळेचा वाटा तो आहे.