सर्व्हर बंद पडला, मग यंत्राचा मालक कोण?

भिवंडीचा कापडधंदा कोणत्या यंत्रांवर उभा राहिला, हे नव्या पिढीला सांगावे लागते. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग इथल्या विणकरांनी विकत घेतले, विजेवर चालवले. १९८२ च्या संपात गिरण्यांचे काम याच यंत्रमागांकडे वळवण्यात आले. (ते गिरणी कामगारांच्या पोटावर पाय देऊन वळवले, हा विषय स्वतंत्र आहे.) माग बनवणारी कंपनी बुडाली म्हणून भिवंडीतला माग कधी थांबला नाही. पट्टा तुटला, बदलला. दाता झिजला, तसाच दुसरा ओतून घेतला. जॉबरने माग खोलला तेव्हा कोणाची परवानगी मागितली नाही.

आज याच भिवंडीच्या गोदामांतून जी नवी उपकरणे देशभर जातात, त्यांची जात वेगळी आहे. ती इंटरनेटने कंपनीच्या दूरच्या संगणकाला, म्हणजे सर्व्हरला, बांधलेली असतात. सर्व्हरने होकार दिला तर घरातला दिवा लागणार! कंपनीने सर्व्हर बंद केला की धडधाकट उपकरण भंगार होते. अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाचा, घरातील दिवे चालवणारा डबा ३०० डॉलरला विकला गेला. सेवा आजन्म मिळेल असे सांगितले होते. गुगलच्या नेस्टने २०१४ मध्ये ती कंपनी घेतली आणि मे २०१६ मध्ये डबे बंद पाडले. आजन्म म्हणजे कोणाचा जन्म?

आपल्याकडेही हा अनुभव जुना आहे. रिलायन्सने २००३ मध्ये ५०१ रुपयांत मोबाईल हातात दिला. सुरुवातीच्या त्या हँडसेटमध्ये सिमकार्डच नव्हते, नंबर यंत्रातच भरलेला. पैसे आपले, हँडसेट आपला, पण कुलूप त्यांचे.

मात्र सर्वांनीच हात टेकले नाहीत. पेबल घड्याळाची कंपनी २०१६ मध्ये विकली गेली, सर्व्हर २०१८ मध्ये बंद झाले. तेव्हा वापरणाऱ्यांनीच रीबल नावाने आपले सर्व्हर उभे केले आणि घड्याळे चालू ठेवली. २५ ऑक्टोबर २०२५ ला नेस्टच्या जुन्या थर्मोस्टॅटची मोबाईलवरून चालण्याची सोय तोडण्यात आली. काही आठवड्यांतच एका स्वतंत्र प्रोग्रामरने ती परत मिळवून देणारे सॉफ्टवेअर मोफत दिले. यात जादू नाही. उपकरण ज्या पत्त्यावर विचारणा करते तो पत्ता बदलायचा आणि तिथे आपला संगणक बसवायचा. जॉबर करतो तेच हे काम. पण याला हॅकिंग म्हणतात, आणि हॅकिंग म्हटले की पोलीस आठवतात.

कायदा काय म्हणतो? माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ४३ मालकाच्या किंवा ताबेदाराच्या परवानगीशिवाय संगणकात शिरण्याविरुद्ध आहे. पैसे मोजून घेतलेल्या उपकरणाचा मालक ग्राहकच आहे, असे आमचे मत आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये आलेले कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला शिक्षा सांगते. आपले घड्याळ चालू करणे हा हक्कभंग कसा? अमेरिकेने तर २०१८ मध्ये घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीसाठी असे कुलूप उघडण्यास स्पष्ट सूट दिली. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' नावाचे सरकारी पोर्टल निघाले. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. २०२२ चे ई-कचरा नियम कंपनीवर कचऱ्याची जबाबदारी टाकतात, पण चालते यंत्र कचरा करू नये, हे सांगत नाहीत.

यंत्रामुळे अनर्थ होतो ही मांडणी बाबासाहेबांनी फेटाळली होती; दोष यंत्राचा नव्हे, समाजरचनेचा, हे त्यांनी दाखवून दिले. ज्ञान कोणी मिळवायचे आणि कोणी फक्त राबायचे, हे ठरवणारी व्यवस्था आपल्याला नवी नाही. 'वापरा, पण उघडू नका' हा कंपन्यांचा हुकूम त्याच जातकुळीचा आहे. दुरुस्तीच्या टपरीवर बसणारी आपली पोरे कोणत्या अभियांत्रिकी महाविद्यालयात गेलेली नसतात, तरी सोल्डरिंगच्या टोकावर घर चालवतात. त्यांच्या हातातील काम काढून ते कंपनीच्या मर्जीवर ठेवायचे, हा यातला खरा व्यवहार आहे.

म्हणून मागणी एवढीच आहे. सर्व्हर बंद करणाऱ्या कंपनीने त्याआधी उपकरणाची किल्ली आणि तांत्रिक माहिती खुली करावी, आणि ती वापरून दुरुस्ती करणाऱ्याला कायद्याने संरक्षण मिळावे. भिवंडीतून मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला कार्यकर्त्यांनी हे लेखी विचारावे.