ग्रामसभेत आक्षेपांचा हिशेब मागा

सच्चर समितीचा अहवाल २००६चा, महमूद-उर-रहमान समितीचा २०१३चा. त्या शिफारशींचं काय झालं, असं आपण दिल्ली-मुंबईला विचारतो. विचारायलाच हवं. पण आपल्याच ग्रामपंचायतीच्या लेखापरीक्षणात निघालेल्या आक्षेपांचं काय झालं, हे कोण विचारतो?

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८चं कलम ८ स्पष्ट आहे. आर्थिक वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेपुढे जमाखर्च, मागचं लेखापरीक्षण आणि त्याला दिलेली उत्तरं ठेवावीच लागतात. ही मेहेरबानी नाही, आपला हक्क आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्याकडे ‘दुरुस्त केलं’ म्हटल्यानं तक्रार बंद होत नाही. दुसरा माणूस तपासतो, मगच बंद होते. ग्रामपंचायतीत तो दुसरा माणूस म्हणजे मतदारयादीतला प्रत्येक जण. तोच गैरहजर असेल, तर ‘यापुढे दक्षता घेऊ’ एवढं उत्तरही खपतं.

कट्टा पंचक्रोशीतल्या मित्रांनो, फक्त कब्रस्तानच्या भिंतीसाठी ग्रामसभेला जाऊ नका. नळपाणी, रस्ते, दिवाबत्तीचा पैसाही आपलाच आहे. आक्षेप कोणता, रक्कम किती, वसुली झाली का, एवढं विचारा. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. नाही मिळालं, तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे.